उपासाचं पातेलं

जगूदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये बसून, त्यानेच हाताखाली तयार केलेल्या आचाऱ्याच्या उसळीला नावं ठेवत होतो. "दादाच्या वेळची चव राहिली नाही," असं मी दुसऱ्या घासाला म्हणालो आणि तिसरा घास तोंडात असताना टाइम ऑफिसचा शिपाई टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याने काय सांगितलं ते कळलं, पण तोंडातला घास गिळायचा की टाकायचा, ते कळेना. शेवटी गिळला. दादाला अन्न टाकलेलं खपत नसे. ताटात काही उरलं तर तो खिडकीतून नुसता बघायचा आणि माणूस निमूट पुन्हा खायला लागायचा. त्या दिवशी खिडकीत कोणी नव्हतं, तरी मी ताट पुसून खाल्लं, धुतलं आणि मग रडलो. हा क्रम दादाला पटला असता.

त्याला निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सकाळी दाढी केली, चहा घेतला, रेडिओ लावायला उठला आणि पुन्हा खुर्चीत बसला तो बसलाच. शालनवहिनी स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाल्या, "लावताय ना रेडिओ?" आणि तिसऱ्यांदा विचारायला बाहेर आल्या… याला आता सात-आठ आठवडे होतील. या आठवड्यांत मी एक काम केलं, जे मला पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं. ते सांगायचं तर दादाबद्दल सांगावं लागेल, आणि दादाबद्दल सांगायचं तर आधी नारळाच्या दुधाबद्दल.

जगूदादा माझा मामेभाऊ, माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठा. आम्ही मालवणकडचे. तो ऐन तारुण्यात बोटीवर गेला, तिथे भंडारी म्हणजे स्वयंपाकी होता, आणि बासष्ट साली बोट सोडून पिंपरीत एका नव्या कारखान्याच्या कँटीनला लागला. दोन वर्षांनी मी एक पत्र्याची ट्रंक आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन त्याच्या कासारवाडीच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. त्याच्याच ओळखीने मला स्टोअर्समध्ये नोकरी मिळाली. तिथे मी अजून आहे. नटबोल्टच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि मागितलेली वस्तू बरोबर खोक्यातून काढून देणं, हे माझं काम. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं.

दादाने बोटीवरून तीन गोष्टी आणल्या होत्या. मनगटावर गोंदलेला नांगर, दारूची सवय आणि एक पेय. वेस्ट इंडीजच्या कुठल्याशा बंदरात ऐन नाताळात त्यांची बोट दुरुस्तीसाठी अडकली होती. धक्क्यावरच्या खाणावळीची मालकीण ऐसपैस बाई होती. तिने सगळ्या खलाशांना नारळाच्या दुधात मसाले आणि रम घातलेलं काहीतरी पाजलं. "आपल्यासारखाच नारळ फोडला रे तिने," दादा सांगायचा, "तसंच कान लावून हलवून बघितलं, तसंच पाणी आधी स्वतः प्यायली. मला वाटलं, आमची आत्याच बसली आहे समोर." तिची भाषा याला येईना, याची तिला येईना. मग दादा तीन दिवस तिच्या चुलीपाशी बसून खोवायला मदत करत राहिला आणि बोटांवर मोजून सगळं शिकून आला. त्या पेयाचं तिकडचं नाव त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. आम्ही त्याला 'बोटीवरचं' म्हणायचो.

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी दादा आमच्या इमारतीला बोटीवरचं पाजायचा. गुरुवार अशासाठी, की या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. पुण्यातली माणसं रविवारी झोपतात, आम्ही गुरुवारी. आता गुरुवार पडला दत्ताचा वार. आमच्या इमारतीत निम्म्या घरांत उपास, आणि उरलेल्या निम्म्यांत उपास नसला तरी गुरुवारी दारूला शिवायचं नाही, असा नेम. म्हणजे ज्या दिवशी प्यायला सवड, नेमकी त्याच दिवशी प्यायला मनाई. यावर दादाने पहिल्याच वर्षी तोडगा काढला. दूध एकाच वेळी सगळं करायचं आणि शेवटी दोन पातेल्यांत सारखं वाटायचं. एक उपासाचं, एक बिनउपासाचं. रम फक्त बिनउपासाच्यात. नारळ, साखर, दूध, वेलदोडा, जायफळ, यातलं उपासाला काहीच वर्ज्य नव्हतं. दालचिनी आणि लवंगेबद्दल वरच्या मजल्यावरच्या परांजपे आजींना शंका होती, पण एक पेला प्यायल्यावर त्यांचीच शंका फिटली. आजी सत्तरीच्या, एकट्या. दत्ताच्या बाबतीत पोलीस.

आता करायची रीत सांगतो, कारण दादा ती कोणालाही सांगायचा. पहाटे नारळ खोवायचे. कोमट पाण्यात वाटून जाड फडक्यातून पिळून पहिलं दूध काढायचं. ते वेगळं. दुसरं दूधही काढायचं, पण ते संध्याकाळच्या भाताला, यात नाही. दालचिनी, लवंग आणि ठेचलेले वेलदोडे थोड्या पाण्यात उकळून ते पाणी गाळून गार करायचं. म्हशीचं दूध साखर घालून निम्मं होईपर्यंत आटवायचं, तेही गार करायचं. मग तिन्ही एकत्र, चिमूटभर मीठ, आणि वरून जायफळ किसून. तिन्ही पूर्ण गार झाल्याशिवाय एकमेकांना भेटवायची नाहीत आणि नारळाचं दूध विस्तवावर ठेवायचं नाही. मी एकदा मदत म्हणून पातेलं स्टोव्हवर चढवायला गेलो, तर पुण्याचं मराठी सोडून तो मालवणीत उतरला. "मेल्या, उकळी येऊक नको. ही काय आमटी नाय." मग दोन्ही पातेली स्टेशनवरून आणलेल्या अर्ध्या लादी बर्फात, मोठ्या घंगाळात. आणि सगळ्यांत शेवटी, माणसं यायच्या पाच मिनिटं आधी, रम.

रम आणायचे तळमजल्यावरचे शेलार हवालदार. मूळचे मावळातले, फौजेतून निवृत्त, परमिटवाले. त्यांच्या कोट्यातली एक बाटली वर्षातून एकदा दुसऱ्या मजल्यावर यायची. कायद्याला हे कितपत मान्य होतं ते आम्ही कायद्याला कधी विचारलं नाही.

दादाच्या दारूबद्दल मात्र विनोद करता येत नाही. तो बोटीवरून पीत आला आणि इथे येऊन जास्त प्यायला लागला. कँटीनमध्ये कधी प्यायला नाही, पण पाळी संपली की घराची वाट गुत्त्यावरून जायची. आणि त्या वर्षांत त्याच्यासाठी खोटं बोलायचं काम माझ्याकडे होतं. "वहिनी, दादाला ओव्हरटाइम लागलाय." "वहिनी, मालाचा ट्रक उशिरा आला." एकदा तर मी कँटीनचा बॉयलर बिघडवला होता, जो कँटीनमध्ये नव्हताच. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि दादाचं ताट झाकून ठेवायच्या. मला वाटायचं, मी घर सांभाळतोय.

मग अडुसष्टच्या सुमाराला एका दुपारी दादा चार वर्षांच्या मुलीला, मीनाला घेऊन कासारवाडी स्टेशनवर गाड्या दाखवायला गेला. तिला बाकावर बसवलं, "हलू नकोस," म्हणाला आणि पलीकडच्या गुत्त्यावर गेला. दोन तासांनी स्टेशनवरच्या हमालाने पोरीला घरी आणून सोडलं. ती हलली नव्हती. तिला सांगितलं होतं ना. हमालाने उचललं तेव्हाही म्हणत होती, "बाबांनी इथेच बसायला सांगितलंय." दादा परत आला तेव्हा वहिनी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदाच सांगते. यापुढे एक थेंब पोटात गेला, तर मला तुमच्या तोंडून कळला पाहिजे. आणि कळला की मी मीनाला घेऊन तळेगावला भावाकडे जाईन." दादा "बरं" म्हणाला. त्या "बरं"नंतर त्याने घेतली नाही. हात थरथरायचे, घाम यायचा, महिनाभर रात्रपाळी झाल्यासारखा दिसायचा, पण घेतली नाही.

आम्हाला वाटलं, बोटीवरचं आता बंद. पण डिसेंबर आला आणि दादाने नारळ आणले. वहिनींनी विचारलं, "घरात बाटली आणणार?" दादा म्हणाला, "आणणार. बाटली समोर नाही म्हणून सुटली, तर ती सुटली असं मी कसं म्हणू?" वहिनी म्हणाल्या, "मग मी नसेन इथे." त्या गुरुवारी त्या मीनाला घेऊन सकाळीच दत्ताच्या देवळात गेल्या आणि दुपारी सगळे पांगल्यावर आल्या. पुढे दर वर्षी तेच. मीही एकदा दादाला म्हणालो, कशाला हा हट्ट. तो जायफळ किसत होता. मान वर न करता म्हणाला, "मी दारू सोडलंय, दारूक भिऊन पळूक नाय." त्या दिवसापासून तो स्वतःचा पेला उपासाच्या पातेल्यातून घ्यायचा. कोणी विचारलं तर गुरुवार म्हणायचा. दादासारखा नास्तिक माणूस दत्ताच्या आडोशाने आठ वर्षं उभा राहिला, आणि दत्तानेही कधी तक्रार केली नाही.

आठ वर्षांनी मी तो आडोसा पाडला.

उपासाचं पातेलं कोणतं आणि बिनउपासाचं कोणतं, हे आम्ही जागेवरून ओळखायचो. दोन्ही ॲल्युमिनियमची, एका मापाची; उपासाच्याच्या काठाला एक पोचा होता, पण तो फक्त दादाच्या लक्षात असायचा. खिडकीकडचं उपासाचं, दाराकडचं बिनउपासाचं. रम घालायचं काम माझं, कारण दादा बाटलीला हात लावत नसे. त्या वर्षी बर्फ जास्त आला होता आणि घंगाळातून पाणी खिडकीखालच्या तांदळाच्या पोत्याकडे वाहायला लागलं. मी हुशारी केली. दादा जिना उतरून खुर्च्या गोळा करायला गेला असताना घंगाळ ओढून फिरवलं आणि पाणी दाराकडे जाईल असं लावलं. पोतं वाचलं. पाच मिनिटांनी मी दाराकडच्या पातेल्यात बाटली उपडी केली. वर्षाचे तीनशे दिवस जो माणूस खोक्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय वॉशर देत नाही, त्याला दोन पातेल्यांवर चिठ्ठ्या लावाव्याशा वाटल्या नाहीत.

माणसं आली. उपासवाले खिडकीकडे बसले, बाकीचे दाराकडे. पेले भरले. मी दाराकडच्यांचे आधी दिले. पातेली आता घंगाळात नव्हती, तोवर दादाने दोन्ही उचलून आपापल्या गटासमोर ठेवली होती. त्याने बिचाऱ्याने घंगाळातली जागा बघूनच उचलली असती, तर चूक तिथेच मिटली असती. पण त्याने माझं वळवलेलं घंगाळ ओळखलं. पातेल्याच्या काठावरचा पोचा बघून त्याने उपासाचं पातेलं बरोबर उपासवाल्यांसमोर ठेवलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की घंगाळ फिरवणाराच ते विसरला आणि रम त्याच्यातच आहे.

परांजपे आजींनी पहिला घोट घेतला. "जगन्नाथ," त्या म्हणाल्या, "यंदा विशेष झालंय हो." दादाने पेला तोंडाला लावला. मी नेमका त्याच्याकडेच बघत होतो. त्याने घोट घेतला आणि तो थांबला. गिळला, कारण आजी समोर बसल्या होत्या आणि थुंकायला जागा नव्हती. मग त्याने माझ्याकडे बघितलं, घंगाळाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्या एवढ्या वेळात त्याला सगळं कळलं आणि मला कळलं की त्याला कळलं.

समोर आठ-नऊ उपासवाली माणसं, हातात भरलेले पेले. खरं सांगितलं असतं तर आजींचा गुरुवार मोडला असता आणि माझं त्या इमारतीतलं राहणं कठीण झालं असतं. दादा उठला. "थांबा," म्हणाला. "कोणी पिऊ नका. दूध नासलंय." एकेकाच्या हातातून त्याने पेले काढून घेतले, पातेल्यात रिकामे केले आणि ते पातेलं मोरीत ओतून आला. जो माणूस भर मे महिन्यात पाचशे माणसांची सोलकढी करायचा आणि ज्याचं नारळाचं दूध उभ्या आयुष्यात एकदाही नासलं नव्हतं, त्याने वीस माणसांसमोर हे सांगितलं. आजी म्हणाल्या, "मला तर काही…" दादा म्हणाला, "आजी, तुम्हाला कळलं नसेल. मला कळतं."

दाराकडे मात्र मैफल रंगली होती. शेलार हवालदारांनी तिसरा पेला संपवून मिशा पुसल्या. "यंदाची लई कडक हाय, जगूभाऊ. डोस्क्यात गेली बघा." शेजारच्याने मान डोलावून दुजोरा दिला. हवालदारांना आधार देऊन जिना उतरवावा लागला. त्यांच्या पोटात नारळाचं दूध आणि साखर यांखेरीज काही नव्हतं. एरवी यावर दादा आणि मी आठवडाभर हसलो असतो.

वहिनी देवळातून आल्या तेव्हा मी मोरी घासत होतो. दादा जिन्यातच जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे. वहिनींच्या एका हातात प्रसादाची पुडी, दुसऱ्या हातात मीनाचा हात. दादा म्हणाला, "शालन, एक घोट गेला."

बास. एवढंच. वहिनी हलल्या नाहीत. "गेला म्हणजे?" "तोंडात गेला." "तोंडात गेला म्हणजे काय? तो काय पायांनी चालत गेला?" मी पुढे झालो. "वहिनी, ते मी…" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही बोलू नका. तुमचं मी खूप ऐकलंय." माझे सगळे ओव्हरटाइम, सगळे ट्रक, तो नसलेला बॉयलर, सगळं त्या जिन्यात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि माझं तोंड बंद झालं. दुपारच्या लोणावळ्याच्या गाडीने त्या तळेगावला गेल्या.

मी दादाला म्हणालो, मी तळेगावला जातो, पायांवर डोकं ठेवून सांगतो. तो म्हणाला, "तू गेलास तर ती म्हणेल, वकील पाठवला." "मग तू सांग." "काय सांगू? माझा दोष नाही म्हणून सांगू? आठ वर्षांपूर्वी हेच सांगायचो. प्रत्येक वेळी दुसऱ्याचा दोष असायचा." मग म्हणाला, "ती काय म्हणाली होती? थेंब गेला तर कळव. कळवला. कोणी घातला ते सांगायचं ठरलं नव्हतं." त्याला खरी भीती निराळीच होती. तोंडात चव राहिली होती. त्या संध्याकाळी त्याने मला कासारवाडीपासून चिंचवडपर्यंत आणि चिंचवडपासून कासारवाडीपर्यंत रेल्वेच्या कडेने चालवलं. गुत्त्याच्या गल्लीशी आला की माझा दंड धरायचा. पुढे वीस दिवस तो तसाच पाळीनंतर चालला. माझ्या दंडावर वळ उठले. मी तक्रार केली नाही, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या चांगल्या कामांपैकी एक.

संक्रांतीला वहिनी आल्या. बोलवायला कोणी गेलं नव्हतं. तिळगूळ दिला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून मी देवळात जाणार नाही. उपासाचं पातेलं माझ्या ताब्यात. भरायचं मी, झाकायचं मी, वाढायचं मी." दादा "बरं" म्हणाला. पुढच्या डिसेंबरात दोघं नवरा-बायको एका मोरीशी बसून नारळ पिळत होते, आणि तेव्हा तर मला सांगून टाकायलाच हवं होतं. दादाच म्हणाला, "आता गप रव. सांगितलंस तर राखायचं काही उरणार नाही आणि ही पुन्हा देवळात जाऊन बसेल." मी गप्प राहिलो. दादासाठी राहिलो असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे सोयीचं होतं. वहिनी मला पुन्हा जेवायला वाढत होत्या.

पण त्याची झळ मी पाच वर्षं बघत होतो. परांजपे आजी दर डिसेंबरला पेला नाकाशी नेऊन विचारायच्या, "जगन्नाथ, यंदा नासलं नाही ना?" सगळे हसायचे, दादाही हसायचा. वहिनी कधी चिडल्या तर म्हणायच्या, "तुमचं काय, चालत येईल आणि तोंडात जाईल." त्यावरही तो हसायचा. दोन्ही वेळा मी जायफळ किसायला घ्यायचो. आमच्याकडे जायफळ फार खपायचं.

दादा गेल्यावर मी ठरवलं, आता सांगायचं. तेराव्याला गेलो, माणसं होती. पुढच्या आठवड्यात गेलो, मीना होती. वहिनींना एकटं गाठायची संधी मी चारदा मोठ्या काळजीने टाळली. मग डिसेंबरच्या शेवटी त्यांचाच निरोप आला. "गुरुवारी सकाळी या. नारळ आणून ठेवलेत." शेजारणींनी नाकं मुरडली, वर्षाच्या आत हे काय. वहिनींनी त्यांना सांगितलं म्हणे, "सण नाही करत मी. त्यांचं काम आहे, ते करतेय."

सकाळी सातला मी विळी घेऊन बसलो. पहिला नारळ संपला. दुसऱ्याच्या वाटीला सुरुवात केली आणि वर न बघता सगळं सांगून टाकलं. घंगाळ, पोतं, बाटली, पातेलं. वहिनी फडक्यातून दूध पिळत होत्या. पिळता पिळता थांबल्या.

"त्यांना माहीत होतं? तुमच्या हातून झालं ते?"

"पहिल्या घोटालाच."

"आणि मला म्हणाले, एक घोट गेला."

"हो."

त्यांनी फडकं पुन्हा घट्ट केलं. दूध पातेल्यात पडत राहिलं. ते थांबलं तरी त्या पिळतच होत्या. "मी वीस दिवस भावाकडे बसून विचार करत होते," त्या म्हणाल्या, "की माणूस घेतो ते घेतो आणि वर म्हणतो, तोंडात गेला. लाज नाही." मग चोथा ताटात झटकला. "खरंच तोंडात गेला होता की हो."

मी म्हणालो, "वहिनी, मला काय शिक्षा द्यायची ती…"

"अजून चार नारळ आहेत. खोवा."

मी खोवले. बोट कापलं, ते त्यांनी पाहिलं, हळदीचा डबा माझ्याकडे सरकवला. अकरापर्यंत दोन्ही पातेली बर्फात गेली. बाहेरच्या खोलीत माणसं जमायला लागली. हवालदार बाटली ठेवून गेले होते, परांजपे आजी आता ऐंशीकडे झुकलेल्या, काठी टेकत जिना उतरून आल्या होत्या. वहिनींनी पदराला हात पुसले.

"त्यांचं दूध नासलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे बाहेर जाऊन सांगा. आत्ता."

मी तोंड उघडलं. "आजी आहेत बाहेर. त्यांचा गुरुवार…"

"असू देत."

मी बाहेर गेलो. वीस माणसांपुढे उभा राहिलो. आमच्या युनियनच्या सभेत मी आजवर टाळ्या सोडून काही वाजवलेलं नाही. तरी सांगितलं. दादाचं दूध त्या वर्षी नासलं नव्हतं. आयुष्यात कधीच नासलं नव्हतं. मी उपासाच्या पातेल्यात रम ओतली होती, ते लपवायला तो तसं म्हणाला, आणि पाच वर्षं तुम्ही हसलात त्यावर मीही हसलो. शेलार हवालदारांनी मनाशी काही हिशेब लावला आणि विचारलं, "म्हंजी त्या साली आमी जे प्यालो, त्यात कायच न्हवतं?" मी म्हणालो, "नारळ होता." ते बसल्या जागी मिशीवर हात फिरवत राहिले.

मग सगळे परांजपे आजींकडे बघायला लागले. आजींनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी एकच घोट घेतला होता," त्या म्हणाल्या. "नासलेलं मला कळतं. ते नव्हतं नासलेलं. पण एवढा सुगरण माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणतोय, तर म्हटलं, असेल काही." मग म्हणाल्या, "जगन्नाथला दर वर्षी टोचायला नको होतं मी." आणि त्याही पुढे, जरा खालच्या आवाजात, "चव मात्र त्या वर्षीची."

मी आत आलो. वहिनी दोन्ही पातेल्यांवरची झाकणं काढून उभ्या होत्या. खिडकीतून ऊन आलं होतं, ते दुधावर पडलं होतं. मला वाटलं, रम त्या घालतील किंवा हवालदारांना हाक मारतील. त्यांनी बाटली उचलली, बूच काढलं आणि ती माझ्यापुढे धरली.

"वहिनी, मी नको."

"तुमचंच काम आहे हे. त्यांनी तुम्हाला दिलेलं."

मी बाटली घेतली. कापलेल्या बोटाला हळद लागली होती, ती काचेवर उमटली. वहिनी दाराशी गेल्या, बाहेरच्यांना दिसेल असं दार पूर्ण उघडलं आणि परत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"कुठल्या पातेल्यात घालताय, ते आधी मोठ्याने बोला."

"दाराकडच्या, बिनउपासाच्या," मी बोललो. बाहेर सगळ्या माना दाराकडे वळल्या.

वहिनींनी वाकून पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घाला," त्या म्हणाल्या.